दूध 4 ऐवजी 10 अंशांवर आले तर?

प्रश्न : आमच्या डेअरीत पाश्चरायझरकडे येणारे दूध उन्हाळ्यात 4 ऐवजी 10 अंशांवर येते. प्लेट हीट एक्स्चेंजरमधून बाहेर पडताना त्याचे तापमान किती असेल? लॉग मीन सूत्राने दरवेळी अंदाज धरून फेऱ्या माराव्या लागतात.

उत्तर : ते सूत्र नवा एक्स्चेंजर निवडताना कामाचे. इथे प्लेटा तुमच्यासमोर उभ्याच आहेत, तेव्हा परिणामकारकता वापरा, म्हणजे थंड दुधाची प्रत्यक्ष तापमानवाढ भागिले दोन्ही दुधांच्या प्रवेश-तापमानांतला फरक. दोन्ही बाजूंचा प्रवाह तोच राहिला, तर ती जवळजवळ बदलत नाही.

रीजनरेशन विभागात गरम पाश्चराइज्ड दूध येणाऱ्या थंड दुधाला तापवते; त्याची परिणामकारकता 90 टक्के धरू. गरम बाजूला 72 अंशांचे दूध. 4 अंशांचे दूध 4 + 0.9 × 68, म्हणजे 65.2 अंशांवर बाहेर पडेल. 10 अंशांचे 65.8 वर. फरक फक्त 0.6 अंशाचा! खरा फटका दुसऱ्या टोकाला बसतो. पाश्चराइज्ड दूध 10.8 ऐवजी 16.2 अंशांवर चिलिंग विभागात जाते. म्हणून उन्हाळ्यात बॉयलरला दोष देण्याआधी चिलरची क्षमता तपासा.

हा झाला स्थिरावल्यानंतरचा हिशेब. बदल होतानाचे चित्र हवे असेल, तर विभागाचे आठ-दहा तुकडे पाडा आणि प्रत्येकात थंड दूध, गरम दूध व मधली प्लेट यांचा उष्णतेचा ताळेबंद वेगवेगळा मांडा. सेन्सरची दिरंगाईही धरा. ती विसरली, तर मॉडेल प्रत्यक्षापेक्षा चपळ दिसते. मात्र प्रवाह बदलला किंवा प्लेटांवर दुधाचा थर बसला, तर 90 टक्क्यांचा आकडा नव्याने मोजावा लागेल.