नव्वद वर्षांचं घर कुणी घेतं का?

प्रश्न : आमचा मुलगा आणि सून लंडनच्या हॅरो उपनगरात घर बघत आहेत. पसंत पडलेलं घर सहा लाख पौंडांचं, 1934 साली बांधलेलं, आणि एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला चिकटलेलं आहे. इथे पुण्यात तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून नव्या बांधतात, आणि ही मुलं नव्वदीतल्या घरासाठी कर्ज काढणार! आम्हीही थोडी मदत करणार आहोत. त्यांना काय काय तपासायला सांगू?
– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई, घराच्या वयाची काळजी सोडून द्या. हॅरोत ते घर चारचौघांसारखंच आहे. मेट्रोपॉलिटन रेल्वे तिथे 1880 साली पोहोचली. इतर रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेल्यातली उरलेली जमीन विकून टाकावी लागे, या कंपनीला मात्र ती राखून तिच्यावर घरं बांधता आली. 1915 मध्ये कंपनीने या सगळ्या पट्ट्याला ‘मेट्रो-लँड’ असं नाव दिलं आणि शहरात नोकरी, हिरवळीत घर अशी जाहिरात केली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथली शेतं भराभर घरांखाली गेली. पुढे बाक काढलेली मोठी खिडकी, मागे लांबट बाग, दोन घरांत एक सामायिक भिंत, अशी ही सेमी-डिटॅच्ड घरं त्याच काळातली. सबंध इंग्लंडचं बघाल तर साधारण पाचातलं एक घर 1919 च्याही आधीचं आहे.

पुण्यातली इमारत पाडतात त्यात वयाइतकाच वाढीव चटईक्षेत्राचाही हात असतो. हॅरोत घर दोन मजली विटांचं, आणि फ्रीहोल्ड असेल तर खालची जमीनही मालकाचीच. पुनर्विकासासाठी कुणी बिल्डर दारात येत नाही. छप्पर, गटारं, वायरिंग आपणच वेळच्या वेळी बघायचं, घर टिकतं. (मुलांनी फ्लॅट बघितला असता तर पहिला प्रश्न लीजची किती वर्षं उरली हा असता. 80 वर्षांच्या खाली गेलेली लीज वाढवून घेणं फार महागात पडत आलं आहे.)

मला काळजी वाटते ती घराखालच्या मातीची. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते आणि पावसात कशी फुगते, हे तुम्हाला सांगायला नको. लंडनच्या बऱ्याच भागाखालची चिकणमाती तशीच वागते. त्यातून घराजवळ ओक किंवा विलोसारखं खूप पाणी ओढणारं झाड असलं, तर कोरड्या उन्हाळ्यात माती आकसते आणि घराचा एखादा कोपरा खचतो. त्या काळचे पाये उथळ. 1976 च्या दुष्काळात तिथे अशा खचण्याचे विमादावे एकदम वाढले होते. म्हणून घर बघताना स्वयंपाकघर किती चकचकीत आहे याच्या आधी खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात का, दारं चौकटीत अडकतात का, ते बघायला सांगा. घर पूर्वी खचलं होतं का आणि तसा विमादावा झाला होता का, हे विकणाऱ्याला लेखी विचारा, कारण तो इतिहास घराला चिकटून राहतो आणि पुढचा विमा महाग करतो.

इथेच पुष्कळ जण फसतात. बँक आपला माणूस पाठवून घराची किंमत ठरवते, तिलाच लोक घराची तपासणी समजतात. ती बँकेच्या पैशांची खात्री असते, तुमच्या घराची नव्हे. आपला स्वतंत्र सर्व्हेअर नेमून, एवढ्या जुन्या घराची तर ‘लेव्हल 3’ म्हणजे सर्वांत बारकाईची पाहणी करून घ्यावी. माळ्यावर खोली काढलेली असेल तर कौन्सिलच्या बांधकाम विभागाचा पूर्णत्वाचा दाखला मागा. तो नसेल तर जाहिरातीत काहीही छापलेलं असो, ती खोली बेडरूम म्हणून धरू नका.

आपण दार पूर्वेला आहे का ते बघतो. तिथे बाग कुठल्या दिशेला आहे ते बघावं. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. दक्षिणेकडे बाग असलेल्या घराच्या मागच्या खोल्यांना तेवढं तरी ऊन मिळतं. उत्तरेकडच्या खोल्या थंड राहतात, आत कपडे वाळत घातले, फोडणीची वाफ कोंडली की कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतो का, हे मी तरी आवर्जून बघेन.

प्रश्न : घरखरेदीचा तिथला वकील मुलाकडे पुण्यातल्या फ्लॅटची माहिती मागतोय. त्याचा काय संबंध?

उत्तर : फार मोठा संबंध आहे, आणि तो वेळेत कळलेला बरा. इंग्लंडमधल्या मुद्रांक शुल्कात ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही घेतलेलं पहिलं घर. एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी सहा लाखांच्या घरावर 20,000 पौंड शुल्क होतं. पण मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर कोथरूडमध्ये फ्लॅट असेल आणि त्यातल्या त्यांच्या वाट्याची किंमत 40,000 पौंडांच्या वर असेल, तर हे घर ‘दुसरं’ धरून किमतीच्या 5 टक्के जादा पडतात. म्हणजे आणखी 30,000, एकूण 50,000 पौंड. पती-पत्नींपैकी एकाच्याच नावावर फ्लॅट असला तरी हाच नियम.

म्हणून तुम्ही पैसे देताय तर नव्या घरावर आपलं नाव लावायचा आग्रह धरू नका. तुमचं पुण्यातलं घर लगेच मोजलं जाईल, आणि तुम्ही तिथले रहिवासी नसल्यामुळे आणखी 2 टक्के लागतील. पैसे भेट म्हणून द्या. ही भेट आहे, कर्ज नाही आणि घरावर आमचा हक्क नाही, असं पत्र बँक मागेल. वकील तुमच्या ठेवींचे, पेन्शनचे कागदही मागेल. त्यात अपमान मानू नका, काळ्या पैशाच्या कायद्याने त्याला ते विचारावंच लागतं. भारतातून माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. फ्लॅटवरून मुलाचं नाव काढायचा विचार असेल तर तो इंग्लंडमधला व्यवहार पूर्ण होण्याआधी, दोन्हीकडच्या सल्लागारांना विचारून करा. काही लपवून मात्र नका ठेवू.

प्रश्न : ऑफर मान्य झाली आहे. आता घर आपलं झालं असं समजायचं का?

उत्तर : अजून नाही. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य होणं म्हणजे बोलणी ठरली, एवढंच. विसार दिलेला नाही, साठेखत झालेलं नाही. करारांची अदलाबदल होईपर्यंत, आणि त्याला काही महिनेही लागतात, विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो किंवा तुमची मुलंही माघार घेऊ शकतात. अदलाबदलीच्या दिवशी सहसा 10 टक्के रक्कम द्यावी लागते, आणि तिथून पुढे मागे फिरलं तर ती बुडते. या मधल्या काळात मुलं फोनवर चिडचिडी वाटली तर समजून घ्या. विकणाऱ्याचंही पुढचं घर अडकलेलं असतं, त्याच्या विकणाऱ्याचंही, आणि एक कडी तुटली की सगळे थांबतात.

प्रश्न : आपली माणसं तिथे भेटतील?

उत्तर : भेटतील. 2021 च्या जनगणनेत हॅरोमध्ये चारातला एक माणूस हिंदू होता, इंग्लंडमधल्या कुठल्याही भागापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. गुजराती शेजार भरपूर मिळेल. मराठीसाठी 1932 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ लंडन आहे, त्याची स्वतःची वास्तू हॅरोपासून फार लांब नसलेल्या डॉलिस हिलला आहे. गणपतीत तुम्ही गेलात तर मुलांना सांगा, आधी तिकडे घेऊन जा.