एसएमपीएस आधी ठरवा, ग्राफिक्स कार्ड नंतर

गेमिंग पीसी जुळवून देणाऱ्या दुकानाचं कोटेशन वरून खाली वाचून पाहा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची नावं मॉडेल क्रमांकासकट असतात. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, ओळीत नुसतं ‘450 वॅट’ असतं, किंवा ‘कॅबिनेटसोबत’. ती ओळ अर्धवट ठेवण्यात विक्रेत्याचा फायदा आहे. गिऱ्हाईक फ्रेम्स विचारतं, सप्लाय विचारत नाही. म्हणून भाव पाडायला हीच जागा सापडते. पुढे तो सप्लाय मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन गेला, की तोच विक्रेता शांतपणे सांगतो, ‘साहेब, तुमच्याकडची लाईटच खराब आहे.’ वॉरंटीत दुसरा तसाच डबा देतो आणि जळालेल्या कार्डाकडे बघतही नाही. ‘लाईटच खराब आहे’ या वाक्याचा मला अजून संताप येतो. ते खोटं का आहे हे इथे मांडतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ते निमूट ऐकून घ्यावं लागणार नाही.

छत्रपती संभाजीनगरात लाईट कशी असते हे विकणाऱ्याला माहीत नसतं काय? नावाला 230 व्होल्ट, प्रत्यक्षात चढउतार. वळवाच्या वाऱ्यात लाईट जाते-येते, विजा कडाडतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो आणि मुरमाड जमीन कोरडी पडली की जुन्या इमारतींची अर्थिंगही कमजोर होते. ही इथली रोजची परिस्थिती आहे, अपवाद नव्हे. ती झेलता येईल असाच माल इथे विकला पाहिजे. चांगल्या सप्लायमध्ये जादा व्होल्टेज, जादा करंट, जादा भार, शॉर्टसर्किट आणि जादा तापमान ओळखून पुरवठा तोडणारी संरक्षणं असतात. धक्का मोठा असेल तर असा सप्लाय स्वतः मरेल, पण पुढच्या भागांकडे तो जाऊ देणार नाही. म्हणून माझी कसोटी सरळ आहे. एकटा सप्लाय गेला तर लाईटला दोष द्या. सप्लायने सोबत कार्डही नेलं, तर आधी संशय सप्लायवर घ्या.

डब्यावरच्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बाजूचं लेबल वाचा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरूनच घेतात. लेबलवर 12 व्होल्टपुढे 16 अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार 192 वॅट येतो. वर 450 छापलेलं असो की 500. आरटीएक्स 4060 हे मध्यम कार्ड एकटं 115 वॅट घेतं, रायझन 5 5600 भरात 76 वॅटपर्यंत जातो; ही बेरीजच 191 होते. वर मदरबोर्ड, पंखे, एसएसडी आहेतच, शिवाय कार्ड क्षणभर ठरलेल्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त ओढतं. म्हणूनच एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॅटचा सप्लाय सुचवते. ‘80 प्लस’च्या शिक्क्याचाही अर्थ नीट समजून घ्या. तो वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, संरक्षणाबद्दल काहीच नाही. मूळ चाचणी तर 115 व्होल्टवर, साधारण 23 अंश तापमानाला होते. मे महिन्यातल्या इथल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीशी त्याचा काही संबंध नाही. कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे 105 अंशांचे कपॅसिटर आणि 50 अंशांपर्यंत पूर्ण वॅटची हमी हे दोन तपशील आपल्याकडे सोनेरी शिक्क्यापेक्षा मोलाचे आहेत.

‘मग मोठं नाव घ्या, प्रश्न मिटला,’ असं कुणी म्हणेल. 2021 साल आठवा. ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता आणि अमेरिकेत न्यूएग या ऑनलाइन दुकानात कार्डाबरोबर गिगाबाइटचे 750 आणि 850 वॅटचे सप्लाय जोडून विकले जात होते. गेमर्स नेक्सस या चाचणी करणाऱ्या गटाने ते भाराखाली तपासले तेव्हा त्यातले अनेक निकामी झाले, काही स्फोट होऊन. त्यांवर सोनेरी शिक्का होता. कंपनीने जादा भाराला पुरवठा तोडण्याची मर्यादा 120–150 टक्क्यांवरून 110–120 टक्क्यांवर आणली आणि माल बदलून देण्याची तयारी दाखवली. नाव मोठं असलं तरी त्या नेमक्या मॉडेलची स्वतंत्र चाचणी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जे गळ्यात मारलं जातं, ते दुप्पट तपासा.

दुसरा आक्षेप नेहमीचा: ‘लोकल एसएमपीएस वर्षानुवर्षं चालतात.’ चालतात, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या पीसीत, जिथे मागणी शंभर वॅटही नसते. तो दाखला गेमिंग पीसीला लावणं चूक आहे. बजेटचं म्हणाल, तर कार्ड एक पायरी खाली घ्या. चांगल्या सप्लायला पाच ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते आणि तो पुढच्या पीसीतही वापरता येतो. उगाच हजार वॅटचाही घेऊ नका. गरजेच्या दीडपट पुरे.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाला 40 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, तर चांगला सप्लायही पूर्ण भारावर 12 ते 17 मिलिसेकंदच तग धरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावूच नका. कार्डाला दोन 8 पिनी जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. मॉड्युलर सप्लायला दुसऱ्या सप्लायची केबल कधीही जोडू नका; टोक बसतं, पण आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळतात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

शेवटी बिल. प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. ‘बिल कशाला, पाचशे कमी करतो’ म्हणणाऱ्याच्या पायऱ्या उतरा. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. कोटेशनमध्ये एसएमपीएसचं पूर्ण नाव नसेल, तर ते नाव लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.