मानेवरचा उलटा हात

चि. बाळूस,


ताईने तुझा फोटो पाठवला. हॉटेल मॅनेजमेंटला रोज दाढी सक्तीची, हे कळलं. पण गाल स्वच्छ आणि पुळ्या सगळ्या हनुवटीखाली, म्हणजे तू मानेवर उलटा हात मारतोस.

तुझे केस कुरळे, आजोळचे. असा केस उलट्या हाताने फार खोल कापला गेला की वाढताना बाहेर न येता वळून कातडीतच शिरतो. तीच पुळी. तीन-चार पात्यांच्या रेझरने हे सहज होऊ शकतं: पुढचं पातं केस ओढतं, मागचं तो कातडीच्या खाली छाटतं. वर तू मान ताणून धरत असणार! एका पात्याचा साधा रेझर घे आणि तो दाबू नकोस.

आधी मानेवरून बोट फिरव. जिकडे खरखर लागत नाही, तिकडे केसांचा कल. गालावर तो बहुधा वरून खाली असतो. मानेवर अनेकांचा आडवा, कुणाचा चक्क खालून वर. पातं त्याच कलाने चालव. थोडी खरखर राहिली तर राहू दे. तपासणारे सर तुझ्या मानेवरून हात फिरवत नाहीत.

दाढी अंघोळीनंतर कर, म्हणजे केस मऊ असतात. फेस लावून दोन-तीन मिनिटं थांब. बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, तेव्हा पेलाभर आरओ फिल्टरचं पाणी घे. पाच-सहा दाढ्या झाल्या की ब्लेड बदल, ओढायला लागलं तर आधीच. तुरटी कापलेल्या जागी टेकवायची, सोललेल्या मानेवर घासायची नाही. आणि आफ्टरशेव्ह झोंबलं म्हणजे लागू पडलं, ही आपल्या पुरुषांची जुनी अंधश्रद्धा आहे. गार पाणी आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे.

मेडिकलमधून कुणी सांगितली म्हणून खाजेची ट्यूब मात्र आणू नकोस. अशा कित्येक ट्यूबांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, पण लावत राहिलास तर कातडी पातळ होते आणि पुळ्या वाढतात. शिरलेला केसही उकरू नकोस, काळा डाग राहील.

सध्या काही आठवडे रेझर बंद ठेवून ट्रिमर वापरता आला तर उत्तम. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी सरांना दे. अमेरिकी सैन्यातही याच त्रासासाठी अशा चिठ्ठीवर सूट मिळत आली आहे. पुळ्यांत पू दिसला, तर ताईला फोटो पाठवत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

तुझा,
मामा