फॉर्मवर खरं लिही, आणि भाजी ताजी आण

अगं, गुरुग्रामला घर लागलं, कंपनीने तुम्हा दोघांना आणि बाळाला पाच लाखांचं मेडिक्लेम दिलंय, हे तू आनंदाने सांगितलंस. मलाही बरं वाटलं. पण माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दिल्ली ऑफिसात क्लेमचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे काही गोष्टी तुझ्या कानावर घालायलाच हव्यात. फोनवर बाळ मध्येच रडतं आणि बोलणं तुटतं, म्हणून लिहून पाठवते.

कंपनीचं मेडिक्लेम तुमचं नसतं, त्या नोकरीचं असतं. तुमच्याकडे लोक दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. एक सुटून दुसरी लागेपर्यंतच्या महिन्यात कोणी आजारी पडलं, तर पदरात काहीच नसतं. आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस वीस-पंचवीस वर्षं कंपनीच्या भरवशावर काढतो आणि निवृत्त होताना स्वतःची पॉलिसी घ्यायला निघतो. तोवर बीपी असतं, शुगर असते, कधी स्टेंट बसलेला असतो. साठीपासष्टीनंतर पॉलिसी मिळत नाही हे आता खरं नाही, ती वयाची अट २०२४ मध्ये निघाली. पण तुम्हाला घ्यायचं की नाही आणि हप्ता किती लावायचा, हे कंपनीच ठरवते.

आमच्या पिढीला ही काळजी करावी लागली नाही. करोलबाग, पहाडगंज, सरोजिनीनगर इथली बरीच मराठी घरं केंद्र सरकारच्या नोकरीवर चालायची. त्या नोकरदारांची आरोग्य योजना, सीजीएचएस, १९५४ साली याच दिल्लीत सुरू झाली. डिस्पेन्सरीत रांग लावायची, जास्त दुखणं असेल तर सफदरजंग किंवा विलिंग्डन, म्हणजे आताचं राममनोहर लोहिया. निवृत्त होताना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड जन्मभर. त्यामुळे आजारपणाचा खर्च विकत घेऊन ठेवायचा असतो, हे आमच्या घरांत मुलांना कोणी शिकवलं नाही, आणि खासगी नोकरीतली तुमची पिढी त्या बाबतीत कोरी राहिली.

म्हणून तुम्हा तिघांची स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम असलेली, आत्ताच घ्या, निरोगी आहात तोवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेवढाच हातभार. पण दसरा-दिवाळीची वाट पाहू नकोस. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि इकडे डेंग्यू पावसाळ्याच्या शेवटी चढतो तो नोव्हेंबरपर्यंत. २०१५ साली दिल्लीत पंधरा हजारांवर रुग्ण झाले होते. शेजारच्या टॉवरमध्ये डेंग्यू निघाला म्हणून ऑक्टोबरमध्ये धावपळ करून काढलेली पॉलिसी त्या हंगामाला उपयोगी पडत नाही.

आता फॉर्म. सगळ्यात जास्त मन लावून हेच वाच.

एजंट घरी येईल, चांगला बोलेल, फॉर्म स्वतःच भरायला घेईल. आजारांच्या रकान्याशी आला की म्हणेल, ‘ये सब लिखने की ज़रूरत नहीं, मैडम.’ त्याच्या हातून फॉर्म काढून घे आणि स्वतः भर. जावईबापूंना गेल्या वर्षी तपासणीत फॅटी लिव्हर निघालं होतं, ते लिही. तुझं बाळंतपणातलं थायरॉइड लिही, गोळी बंद झाली असली तरी. लिहिल्याने हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी थांबावं लागेल. ती थांबायची मुदत आता तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लपवलं, तर चार वर्षं हप्ते भरून ऐन आयसीयूच्या दारात पत्र हातात पडतं की माहिती दडवली, सबब क्लेम नामंजूर. अशी पत्रं माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यातल्या बऱ्याच लोकांना आपण काही लपवलंय हेच ठाऊक नव्हतं, कारण फॉर्म एजंटने भरला होता आणि सही तेवढी यांची होती. पाच वर्षं पॉलिसी अखंड चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनं उकरून काढता येत नाही, असा नियम आता आहे. पण पाच वर्षं जीव मुठीत धरून काढण्यापेक्षा एक ओळ खरी लिहिणं सोपं आहे.

याच्याच जोडीची एक गोष्ट एजंट कधी सांगणार नाही. इमर्जन्सीत ज्युनियर डॉक्टर विचारतो, ‘बीपी कबसे है?’ घाबरलेला मुलगा म्हणतो, ‘बहुत साल से, दस साल तो होंगे.’ डॉक्टर दहा वर्षं लिहून टाकतो. खरं तर बीपी तीन वर्षांपूर्वी निघालेलं असतं आणि पॉलिसी चार वर्षांची असते. त्या एका घाईच्या वाक्यावर क्लेम महिनोन्महिने अडकतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाचा आजार कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी निघाला, पहिला रिपोर्ट कुठे आहे, हे एका कागदावर लिहून दोघांच्या फोनमध्ये ठेव. विचारलं की तेच वाचून दाखवायचं, अंदाजाने बोलायचं नाही. आणि डिस्चार्ज समरी घेताना ती ओळ आधी वाचायची. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून मागायची, घरी आल्यावर ते फार अवघड होतं.

पॉलिसी निवडताना खोलीच्या भाड्याची मर्यादा बघ. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का लिहिलं असेल तर दिवसाला ५,००० ची खोली. तुम्ही १०,००० ची घेतलीत, तर फक्त वरचे पाच हजार खिशातून जातात असं नाही; डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात कापलं जातं. त्या खात्यांचं बिल दोन लाख असेल, तर कंपनी लाखच देणार. दिल्ली-गुरुग्रामच्या मोठ्या हॉस्पिटलांत पाच हजारांत खोली मिळणं कठीण, तेव्हा अशी मर्यादा नसलेलीच पॉलिसी घे, हप्ता थोडा जास्त पडला तरी. हातमोजे, सिरिंज असल्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि बिलात त्यांची रक्कम किरकोळ नसते. त्यांच्यासाठी वेगळं जोड-कव्हर मिळतं, तेही विचार.

आई-बाबांचं वेगळं बघावं लागेल. त्यांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नकोस. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावरून ठरतो. त्यांची वेगळी पॉलिसी काढ, पण त्यांच्या सांगलीच्या पत्त्यावर काढताना झोन विचारून घे. दिल्ली-एनसीआर आणि मुंबई बहुतेक कंपन्यांकडे महागड्या झोनमध्ये मोडतात. सांगलीच्या झोनचा स्वस्त हप्ता भरला आणि उपचार गुरुग्रामला घेतले, तर काही पॉलिसींमध्ये बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याला सोसावा लागतो. ते हिवाळ्यात तुझ्याकडे राहायला येणार, उपचारही इथेच घ्यायचे म्हणतात. हे आधी तपासलेलं बरं.

तुझे सासरे सत्तरीपुढचे आहेत ना? मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत आणि जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. आधार कार्डावरचं वय लागतं. घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी चालतं, सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. दिल्ली सरकार या योजनेत एप्रिल २०२५ मध्ये आलं आणि दिल्लीच्या रहिवाशांना वर आणखी पाच लाख देतं. योजनेतलं हॉस्पिटल कोणतं, हे मात्र गरज पडायच्या आधी शोधून ठेव. तुझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनाही विचार. हरियाणाच्या रहिवासी असतील आणि घरचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल, तर त्यांना चिरायू-आयुष्मानचं कार्ड मिळू शकतं. फॉर्म भरायला त्यांच्याबरोबर बस.

आता जेवणाकडे येते. तुला वाटेल, मावशी विम्यावरून स्वयंपाकघरात कुठे शिरली. अगं, फॉर्ममधल्या आजारांच्या रकान्यात चाळिशीनंतर जे लिहावं लागतं, ते तिशीत ताटात असतं. मी नोकरीला लागले तेव्हा अँजिओप्लास्टीच्या फायलींवर साठीतली वयं दिसायची. निवृत्त होताना चाळिशीतली मुलं दिसत होती, बहुतेक बसून काम करणारी, रात्री अकराला बाहेरचं जेवण मागवणारी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले आणि १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर. तुझ्या बाबांना शुगर, आजोबांना होती. जोखीम रक्तात आहे, म्हणून तू दुप्पट जपायचं.

दिल्लीला आल्यावर आपली माणसं सकाळी पराठा, दुपारी राजमा-चावल आणि शनिवारी छोले-भटुरे अशा वळणावर जातात. छोल्यांचं मला काही वाईट वाटत नाही, राजम्याचंही नाही. वाईट तो मैद्याचा भटुरा आणि ते पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. आणि पराठा रोज झाला की ताटातली भाजी कमी होते, कोशिंबीर तर नाहीशीच होते. आपलं साधं ताट, पोळी, एक पालेभाजी, आमटी, कोशिंबीर, थोडा भात, हे मोडू देऊ नकोस. इकडे काही मिळत नाही असं म्हणू नकोस. हिवाळ्यात या शहरासारखी भाजी मला महाराष्ट्रातही दिसली नाही. बथुआ म्हणून विकतात ते आपलं चाकवत. ताकातली भाजी कर, डाळ-दाणे घालून. मेथी, पालक, मोहरीचा पाला, मुळा पाल्यासकट, लाल गाजर, कोवळे मटार, आवळे, डिसेंबरात सगळं स्वस्त आणि ताजं. मटकी राजस्थानची, ‘मोठ’ म्हणून कुठल्याही वाण्याकडे मागून घे. बाजरी तर हरियाणाचीच, थंडीत दोन वेळा भाकरी टाकत जा. सेक्टरमध्ये आठवड्याचा बाजार भरत असेल तर संध्याकाळी पिशवी घेऊन स्वतः जा. फोनवरून दहा मिनिटांत भाजी येते, पण तिच्याबरोबर चिप्स आणि बिस्किटंही येतात.

तेल-मिठाचा हिशोब पाकिटावरून ठेवायचा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, त्याच्या वर नको. दोघांचं महिन्याचं तीनशे ग्रॅम झालं. किलोची पिशवी तीन महिने पुरायला हवी, आणि लोणचं, पापड, नमकीन, बाहेरचं जेवण यांतलं मीठ त्याच्या वर जातं, म्हणून खरं तर आणखी जास्त. तेल दोघांना महिन्याला दीड लिटरपेक्षा जास्त लागत असेल तर फोडणी बघ, तळण बघ. तळलेलं तेल पुन्हा तळायला घ्यायचं नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मल्टिग्रेन म्हणून आणलेल्या बिस्किटात पहिला मैदा आणि दुसरी साखर दिसली, तर ते परत ठेव. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या खिमटात मीठ-साखर घालायची नाही, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

नोव्हेंबरात धूर दाटला की कोणीतरी सांगेल, गूळ खा, धूळ उतरते. गूळ खा हवा तर, पण त्याच्या जोरावर बाळाला बाहेर नेऊ नकोस. त्या दिवसांत सकाळचं फिरणं बंद, बाहेर पडताना एन-९५ मास्क. तेव्हा व्यायाम घरात करा, पण सोडू नका.

वर्षातून एकदा उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, लिपिड आणि बीपी तपासून घ्या. अनेक पॉलिसींत ही तपासणी फुकट असते आणि लोक ती वापरतच नाहीत.

पॉलिसीचे कागद आल्यापासून ३० दिवसांत वाचून पटले नाहीत तर परत करता येतात. ते मला पाठव, आपण ओळन् ओळ वाचू. नेटवर्क हॉस्पिटलमध्ये कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामक इर्डाचा २०२४ चा नियम आहे. काउंटरवर कोणी ताटकळत ठेवलं तर शांतपणे तो सांगायचा आणि अर्जाची वेळ लिहून ठेवायची. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. गुरुग्राम दिल्लीच्या लोकपालाकडे येतं. तुझी नणंद नोएडाला आहे, तिच्यासाठी नोएडाचं ऑफिस वेगळं.