पन्नास तासांचा आकडा आला कुठून?

प्रश्न : माझा मुलगा वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. सिंगल इंजिन विमानावरचे त्याचे १६० तास पूर्ण झाले आहेत. शाळेच्या पॅकेजमध्ये एकूण २०० तास असून त्यांतले शेवटचे १५ मल्टी-इंजिनचे आहेत. आता एक सल्लागार म्हणतात, एअरलाइनमध्ये लवकर नंबर लागायचा असेल तर मल्टीचे ५० तास हवेत. वरचे ३५ तास ते तासाला ४२ हजार रुपयांनी मिळवून देणार आहेत. राहत्या घरावर कर्ज आधीच काढलेलं आहे. हे तास घ्यावेत का? आणि दोन इंजिनांचं विमान एवढं महाग का पडतं?
— एक पालक, तासगाव

उत्तर : ३५ गुणिले ४२ हजार म्हणजे १४ लाख ७० हजार रुपये. ते आत्ता खर्च करू नका. एअरबस किंवा बोइंगच्या टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानासाठीच्या पात्रतेचा, मोठा हिस्सा एवढ्या रकमेत निघतो, आणि टाइप रेटिंगशिवाय एअरलाइनचं कॉकपिट मिळत नाही.

सल्लागारांनी सांगितलेला आकडा खरा आहे, फक्त तो अमेरिकेतला आहे. तिथे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचं सर्टिफिकेट मल्टी-इंजिनसाठी घ्यायचं, तर एकूण १५०० तासांमध्ये ५० तास मल्टी-इंजिनचे लागतात. पूर्वी या सर्टिफिकेटची अट कॅप्टनपुरती होती आणि फर्स्ट ऑफिसरला कमर्शिअल सर्टिफिकेट पुरायचं. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं आणि विमानातले ४९ व जमिनीवरचा एक अशी ५० माणसं गेली. मृतांच्या कुटुंबीयांनी नेटाने पाठपुरावा केला, २०१०मध्ये कायदा झाला, आणि २०१३पासून अमेरिकी एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही हेच सर्टिफिकेट बंधनकारक झालं. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५००पेक्षा कितीतरी जास्त तास होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते वेग घटत असताना लक्ष नसण्यावर आणि स्टॉलच्या (पंखांची उचल संपण्याच्या) इशाऱ्यानंतर केलेल्या चुकीच्या कृतीवर.

या नियमामुळे अमेरिकेतला नवा वैमानिक अडीचशे तासांनंतर बहुधा प्रशिक्षक होतो आणि हजारभर तास सेसनासारख्या सिंगल इंजिन विमानात काढतो. मल्टीचे ५० तास त्यातून येत नाहीत, ते वेगळे जमवावे लागतात. मग दोघं मिळून विमान भाड्याने घेतात. एकजण डोळ्यांवर आडोसा लावून फक्त उपकरणांवर विमान उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवतो. अटी पाळल्या तर तेवढा वेळ दोघांनाही लॉगबुकात धरता येतो आणि भाडं निम्मं होतं. काहीजण मल्टी-इंजिन प्रशिक्षक होतात, म्हणजे भाडं विद्यार्थी भरतो आणि तास दोघांचे वाढतात. शिवाय ५०पैकी २५ तासांपर्यंत सूट एअरलाइनच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणातल्या सिम्युलेटरवर मिळू शकते. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनात शिकणाऱ्या आणि तिथेच नोकरी करू शकणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा सगळा हिशेब महत्त्वाचा आहे. तुमच्या मुलाला तो लागू नाही.

भारतात डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, कमर्शिअल परवाना २०० तासांवर मिळतो. त्यांत १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून हवेत, आणि ३०० नॉटिकल मैलांचं एक क्रॉस-कंट्री उड्डाणही त्यात येतं. मल्टीचे ५० तास अशी अट परवान्यासाठी नाही. परवान्यावर एअरलाइन मल्टी-इंजिनची नोंद पाहते, त्याच्या जोडीला इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची पात्रता) पाहते आणि दोन्हीची मुदत चालू आहे ना, हे पाहते. त्यापुढे तिची स्वतःची लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, आणि बऱ्याचदा सिम्युलेटरवरची परीक्षा असते. भरतीच्या अटी बदलत असतात, म्हणून ज्या एअरलाइनवर डोळा आहे तिची ताजी जाहिरात मुलाला स्वतः वाचू द्या. तिथे ५०चा आकडा छापलेला नसेल, तर सल्लागारांशी पुढे बोलायचं कारण उरत नाही.

आता दुसरा प्रश्न, महाग का.

सेसना १७२ तासाला साधारण ३०–३५ लिटर इंधन पिते. पायपर सेमिनोलला दोन इंजिनं मिळून सत्तरच्या आसपास लागतं, सेनेकाला त्याहून जास्त. यांना लागतं ते एव्हगॅस, म्हणजे अशा विमानांचं खास पेट्रोल. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं आयातच व्हायचं, इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं एव्हगॅस सप्टेंबर २०२२मध्ये बाजारात आणलं. डायमंड डीए-४२ला डिझेल जातीची इंजिनं असतात, ती जेट इंधनावर चालतात आणि पितातही कमी. पण इंधन हा खर्चाचा एकच भाग आहे. सेमिनोलच्या लायकमिंग इंजिनाचं ठरावीक तासांनी ओव्हरहॉल करावं लागतं, इथे ते दोनदा. पाती फिरवता येणारे प्रोपेलर दोन, मिटणारी चाकं, जास्तीचा विमा. शिवाय पुष्कळ शाळांकडे असं विमान एकच असतं. ते देखभालीला गेलं की अख्खी बॅच खोळंबते, आणि त्या काळातलं खोलीभाडं आणि मेसचं बिल पालकांच्याच माथी येतं.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज या विमानात बसल्यावर पहिल्याच आठवड्यात सुटतो. उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं तर निम्मी ताकद जाते, पण वर चढण्याची क्षमता जवळपास ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. कारण उरलेल्या ताकदीचा बराचसा भाग विमान नुसतं हवेत धरून ठेवण्यातच खर्च होतो. उन्हाळ्यात विदर्भातल्या दुपारी, हवा विरळ झालेली असताना, लहान दुइंजिनी विमान एका इंजिनावर चढेलच याची खात्री नसते. त्यात चालू इंजिन विमानाचं नाक बंद इंजिनाकडे ढकलत असतं. ते पायाने रडर दाबून थोपवायचं. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर दाबूनही नाक सरळ राहत नाही आणि विमान उलटं होऊ शकतं. वेगदर्शकावर ही मर्यादा लाल रेषेने दाखवलेली असते, सेमिनोलमध्ये ५६ नॉट्सवर. निळी रेषा ८८वर असते. एका इंजिनावर जेवढं चढता येईल, ते त्या वेगाला.

याचा सराव असा होतो : प्रशिक्षक सुरक्षित उंचीवर गुपचूप एका इंजिनाचं थ्रॉटल मागे घेतो. नाक वळतं. विद्यार्थी आधी विमान सरळ करतो, मग ताकद पूर्ण, फ्लॅप वर, चाकं वर. मग ओळखायचं, कुठलं इंजिन गेलं. जो पाय मोकळा, त्या बाजूचं. लगेच हात घालायचा नाही. त्या बाजूचं थ्रॉटल हळूच मागे घेऊन खात्री करायची, काही फरक पडला नाही तरच त्या प्रोपेलरची पाती वाऱ्याच्या धारेला लावायची. घाईत चांगलं चालणारं इंजिन बंद केल्याने खरे अपघात झाले आहेत. फेब्रुवारी २०१५मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं हेच झालं आणि ते नदीत कोसळलं. त्या कॉकपिटमध्ये अनुभवी वैमानिक होते.

म्हणून माझा सगळा आग्रह त्या १५ तासांवर आहे. ते नीट झाले तर पुरतात, आणि ते नीट झाले नाहीत तर वरच्या ३५ तासांनी फारसं साधत नाही, कारण विकत घेतलेले तास बहुधा सरळ रेषेत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात सरतात.

हे १५ तास वसूल कसे करायचे? विमानाचा तास हवेत गेल्यावर सुरू होत नाही. चाकांचे ठोकळे काढले की सुरू होतो आणि परत ठोकळे लागेपर्यंत चालतो. जमिनीवर उभं राहून चेकलिस्ट आठवत बसण्याचे पैसे हवेतल्या दरानेच जातात. मुलाने या विमानाच्या कॉकपिटचा मोठा फोटो छापून भिंतीला लावावा, खुर्चीत बसून डोळे मिटून प्रत्येक कृती हाताने करावी, इंजिन बंद पडल्याची प्रक्रिया तर झोपेतून उठवलं तरी म्हणता यावी इतकी घोटावी. त्यानंतर मान्यताप्राप्त सिम्युलेटर. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी लागणाऱ्या ४० तासांपैकी काही भाग तिथे धरला जातो आणि दर विमानाच्या मानाने फार कमी असतो. मगच विमान. हे १५ तास सलग दिवसांत व्हावेत. पहिले पाच जूनमध्ये आणि उरलेले दिवाळीनंतर असं झालं, तर हात पुन्हा बसवण्यात दोन-तीन तास हकनाक जातात. आपल्याकडे पावसाळ्यात ढग आणि दृश्यमानता आठवडेच्या आठवडे खातात. मुलाचे सिंगलचे २५ तास अजून बाकी आहेत, तेव्हा मल्टीची तारीख पावसाचा हिशेब धरून आत्ताच ठरवून घ्या. आणि मल्टीचे पैसे भरण्याआधी शाळेला लेखी विचारा : विमान सध्या उडतंय का, पुढची मोठी देखभाल कधी आहे, इंधनाचा दर वाढला तर फरक कोण भरणार, तास शिल्लक राहिले तर परतावा किती. उत्तर तोंडी मिळालं तर थांबा. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तरी सांगणं भाग आहे. "मिळवून देणार" हा शब्द मला खटकला. तास मिळवून देणाऱ्यांपैकी काहीजण विमान न उडवताच लॉगबुकात नोंद करून देतात. इंधनाच्या पावत्या, विमानाचं स्वतःचं जर्नी लॉगबुक, विमानतळावरची नोंद, या सगळ्यांचा मेळ घातला की ते उघडं पडतं. २०११मध्ये आपल्याकडे बनावट कागदपत्रांवर परवाने घेतल्याची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा परवाने रद्द झाले आणि अटकाही झाल्या. मुलाच्या नावावर एक खोटी ओळ असली, तरी त्याचं करिअर संपतं. आणि ते संपलं नाही, तर ज्या प्रवाशांना घेऊन तो उडेल त्यांचं काय, हा विचार आई-वडिलांनीच करायचा आहे.

वरचे तास पुढे येतात, पण दुसऱ्याच्या पैशाने यायला हवेत. परवान्यानंतर लगेच एअरलाइन मिळाली नाही, तर प्रशिक्षकाचं रेटिंग घेता येतं. चार्टर किंवा एअर ॲम्ब्युलन्स कंपन्यांकडे किंग एअरसारखी दोन टर्बोप्रॉप इंजिनांची विमानं असतात. तिथल्या को-पायलटच्या जागा थोड्या आहेत आणि सहज मिळत नाहीत, पण त्या तासांचं वजन सेनेकावर विकत घेतलेल्या तासांपेक्षा कितीतरी जास्त. जी कंपनी को-पायलटकडूनच पैसे मागते, तिच्या वाटेला जाऊ नका. एअरलाइन परवान्यासाठी १५०० तास भारतातही लागतात, पण ते फर्स्ट ऑफिसर म्हणून पगार घेत पूर्ण करता येतात.

राहिला कर्जाचा प्रश्न. डीजीसीए-मान्य वैमानिक प्रशिक्षण बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत बसतं. तुमचं कर्ज घरावरचं साधं तारण-कर्ज असेल, तर ते शैक्षणिक कर्जात बदलता येईल का, हे शाखेत विचारा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं वजावट मिळते, आणि शिक्षण चालू असेतो हप्ताही लांबतो. मुलगा इतर मागासवर्गीय किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गातला असेल, तर नागपूरच्या महाज्योती संस्थेने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवलेली आहे. तुमच्या मुलाला आता उशीर झाला असेल, पण धाकटं कोणी याच वाटेवर असेल तर त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आणि वरच्या ३५ तासांच्या त्या जवळपास पंधरा लाखांतला एक लहान हिस्सा मात्र आजच बाजूला काढा, नूतनीकरणासाठी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत १२ महिन्यांची असते. परवाना हातात आल्यावर एअरलाइनची भरती निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. रेटिंग चालू ठेवायचं तर तपासणी उड्डाण आणि त्याआधी सरावाचे एक-दोन तास मल्टीवरच करावे लागतात. नेमक्या त्या वेळी पालकांच्या हातात काही उरलेलं नसतं, रेटिंग जुनं होतं, आणि भरतीची जाहिरात आली की मुलगा अर्जच करू शकत नाही. दोन नूतनीकरणांपुरते, म्हणजे साधारण सहा-सात तासांचे आणि परीक्षा-शुल्काचे पैसे मुदत ठेवीत ठेवा. मुलाच्या रेटिंगची तारीख तुमच्याही वहीत लिहून ठेवा, आणि ती संपायच्या दोन महिने आधी शाळेत विमानाची वेळ मागून ठेवा.