साहस-सहलींचे नियोजन : परतीची वेळ आधी ठरवा

सह्याद्रीच्या सान्निध्यात वाढणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणांना डोंगर चढण्यासाठी वेगळ्या आमंत्रणाची आवश्यकता भासत नाही. पावसाळा ओसरून हवेत गारवा येऊ लागला, की शाळा-महाविद्यालयांचे गट, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, स्काउट-गाइड आणि गावोगावची युवक मंडळे यांची पावले गडकोटांकडे वळू लागतात. ही गोष्ट सर्वस्वी स्वागतार्ह आहे. स्वतःचे ओझे स्वतः वाहणे, मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे, तहान आणि थकवा सोसूनही वृत्ती प्रसन्न ठेवणे, हे धडे वर्गाच्या चार भिंतींत देता येत नाहीत.

तथापि, अशा सहलींतून अधूनमधून येणाऱ्या दुर्घटनांच्या वार्ता मन विषण्ण करून सोडतात. अशा वेळी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही जण सहलीच बंद करा असे म्हणतात, तर काही जण सारा दोष दैवाला देऊन मोकळे होतात. या दोन्ही भूमिकांमध्ये आपली जबाबदारी टाळण्याचाच भाग अधिक असतो. अपघाताच्या मुळाशी अनेकदा साहस नसते. उशिरा झालेली सुरुवात, पाण्याचा मोह, पांगलेला गट आणि ‘इतके आलो आहोत, तर थोडेसे पुढे जाऊ’ हा विचार, ही कारणे तेथे आढळतात. ही सर्व कारणे निघण्यापूर्वीच विचारात घेता येण्यासारखी आहेत.

घडलेल्या घटनांचा बोध

या संदर्भात तीन घटनांचे स्मरण ठेवणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात २२ मार्च १९९३ रोजी आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लहान वल्ह्यांच्या होड्यांतून निघाले. दुपारपर्यंत ते परत येणे अपेक्षित होते. वाऱ्याने होड्या खोल समुद्राकडे ओढल्या गेल्या. गट वेळेवर परतला नाही, तरी किनारा-रक्षक दलाला खबर मिळण्यास काही तासांचा विलंब झाला. थंड पाण्यात चार विद्यार्थी मृत्यू पावले. या घटनेनंतर युवकांसाठी साहसी उपक्रम चालविणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्या देशात १९९५ साली संमत झाला.

दुसरी घटना आपल्या देशातील आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी उतरले होते. वरच्या बाजूच्या लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले, प्रवाह अकस्मात वाढला आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. तिसरी घटना आपल्याच राज्यातील लोणावळ्याची. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरील बाजूस असलेल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती.

या तीनही ठिकाणी कोणी अचाट धाडस करावयास निघाले नव्हते. पहिल्या घटनेत उशीर झाल्यावर हालचाल कोणी व केव्हा करावयाची हे पक्के नव्हते. इतर दोन घटनांमध्ये पाण्याचे वरवरचे शांत रूप फसवे ठरले. नियोजनाचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

वेळेचे गणित

उदाहरणादाखल एका नेहमीच्या सहलीचा विचार करू. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च शिखर होय. पायथ्याच्या बारी गावातून निघणारी वाट मळलेली आहे, अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत आणि माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. त्यामुळे ही वाट सोपी आहे असा समज सर्वत्र आढळतो. तीस विद्यार्थ्यांचा गट डिसेंबर महिन्यात येथे न्यावयाचा आहे, असे समजू.

बारीपासून माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे सहा किलोमीटर व चढ सुमारे आठशे मीटर आहे. स्कॉटलंडमधील नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला; तो आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर चालीस एक तास आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास, असा तो नियम आहे. त्यानुसार चालीचा सव्वा तास आणि चढाचा सव्वा तासाहून किंचित अधिक, असे अडीच तास होतात. परंतु हा हिशोब सराव असलेल्या एकट्या माणसाचा आहे. तीस मुलांचा गट सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या गतीने चालतो आणि शिडीवर एका वेळी एकानेच चढावयाचे असल्याने प्रत्येक शिडीपाशी खोळंबा होतो. म्हणून या वेळेत निम्म्याची भर घालावी. चढण्यास पावणेचार तास, माथ्यावर एक तास आणि उतरण्यास सुमारे तीन तास, असा एकूण पावणेआठ तासांचा दिवस होतो.

डिसेंबरात सकाळी सातच्या सुमारास उजाडते व सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सात वाजता निघालेला गट पावणेअकराच्या आसपास माथ्यावर पोहोचेल आणि दुपारी तीनपर्यंत पायथ्याशी परतेल. हाच गट एस. टी. चुकली किंवा न्याहारीस वेळ लागला म्हणून साडेदहास निघाला, तर शेवटची शिडी अंधारात उतरण्याची पाळी येईल. साडेतीन तासांचा उशीर गावात क्षुल्लक वाटतो. डोंगरात तोच सर्वांत मोठा धोका ठरू शकतो.

यासाठी प्रत्येक सहलीच्या आराखड्यात तीन वेळा लेखी नमूद केलेल्या असाव्यात. पहिली, निघण्याची वेळ. दुसरी, माघारीची वेळ. आपल्या उदाहरणात ती दुपारी बारा अशी धरता येईल. बारा वाजता गट जेथे असेल तेथून मागे फिरेल, मग माथा शंभर पावलांवर का असेना. तिसरी, खबर देण्याची वेळ. सायंकाळी पाचपर्यंत गट पायथ्याशी आल्याचा निरोप मिळाला नाही, तर गावात थांबलेल्या जबाबदार व्यक्तीने कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता पोलीस पाटलांना व ११२ या आपत्कालीन क्रमांकावर खबर द्यावी. निरोप नंतर आला तर थोडा मनस्ताप होईल. परंतु निरोप न येता रात्र पडली, तर शोधकार्याचे सर्वांत मोलाचे तास हातचे निघून जातील.

माघारीचा अधिकार कोणाचा

माघारीचा निर्णय घेणे शिखर गाठण्याहून कठीण असते. मुले उत्साहात असतात, पालकांनी वर्गणी दिलेली असते आणि पुन्हा येणे होईल की नाही याची शंका असते. अशा वेळी निर्णय मतांनी घेऊ नये. गटप्रमुख एकच असावा आणि त्याचा शब्द अखेरचा असावा. मुख्याध्यापक किंवा संस्थेचे पदाधिकारी सोबत असले, तरी वाटेवर तेही गटप्रमुखाच्या आज्ञेत राहतील, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट व्हावे. आणखी एक गोष्ट अगत्याची आहे. माघार घेऊन आलेल्या गटप्रमुखाला नंतर जाब विचारला जाऊ नये. एकदा तसे झाले, की पुढच्या वेळी तो मागे फिरणार नाही.

दर आठ-दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी. मुली असल्यास शिक्षिका असणे आवश्यकच आहे. सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे अनुभवी माणूस ठेवावा; या दोघांच्या पुढे वा मागे कोणी जाऊ नये. दोन-दोन मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक विश्रांतीस मोजणी करावी. गटप्रमुखाने स्वतः ती वाट त्याच मोसमात अगोदर चालून पाहिलेली असावी. दहा वर्षांपूर्वी पाहिलेला डोंगर किंवा उन्हाळ्यात पाहिलेला ओढा यांवर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

पाणी, ऊन आणि वीज

दिवसभराच्या चालीस प्रत्येकी तीन लिटर पिण्याचे पाणी धरावे. हिवाळ्यानंतर गडांवरील बहुतेक टाकी आटू लागतात किंवा त्यांतील पाणी पिण्यायोग्य राहत नाही. सोबत जलसंजीवनीची पाकिटे असावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घरगुती द्रावण करता येते. मार्चपासून दुपारची चाल टाळावी. उन्हाने गोंधळल्यासारखे बोलणाऱ्या किंवा तोल जाऊ लागलेल्या मुलास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि दवाखान्यात हलवावे.

धबधबा, डोह, नदी व समुद्र यांबाबत नियम एकच असावा : कार्यक्रमात नसलेल्या पाण्यात कोणीही उतरणार नाही. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली ऊन असतानाही ओढ्यास लोंढा आणतो. पाणी अकस्मात गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, तर त्याच क्षणी काठ सोडून उंचावर जावे. पावसाळ्यात हवामान विभागाचा नारंगी वा लाल इशारा असल्यास सहल रद्द करणे हाच योग्य निर्णय होय. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात. अशा वेळी माथा, एकटे झाड व लोखंडी शिड्या यांपासून दूर राहावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. ते गटप्रमुखाजवळ असावे.

मोहोळ आणि सर्प

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. आरडाओरड, धूर, दगडफेक व उग्र अत्तरे यांमुळे माश्या चवताळतात. हल्ला झाल्यास तोंड व डोके कापडाने झाकून, पायाखालची वाट सांभाळत, शक्य तितक्या लवकर दूर जावे; पाण्यात उडी घेऊ नये. अनेक दंश झालेल्या किंवा धाप लागलेल्या मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी सर्प होत. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये व घट्ट आवळून बांधू नये. अवयव हलणार नाही अशा रीतीने आधार देऊन रुग्णास उचलून न्यावे. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, याची चौकशी सहलीच्या आदल्या दिवशीच केलेली असावी. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु डोंगराच्या अनेक भागांत मोबाइलला संपर्क मिळत नाही. तो कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे आधीच्या पाहणीत टिपून ठेवावे.

गावाचा सहभाग

डोंगरातील पहिली मदत पायथ्याच्या गावातूनच येते. अपघात झाल्यावर झोळी करून जखमीला खाली आणणारे बहुधा तेथील गुराखी व शेतकरी असतात. लोणावळा, खोपोली यांसारख्या ठिकाणी स्थानिक गिर्यारोहकांची बचाव पथके कार्यरत आहेत. तथापि त्यांना पोहोचण्यासही वेळ लागतोच. म्हणून सहलीच्या आराखड्याची एक प्रत पायथ्याच्या ग्रामपंचायतीस देण्याचा प्रघात पडावा.

ग्रामपंचायतींनाही या बाबतीत फार खर्च न करता बरेच करता येईल. येणाऱ्या गटांची नाव, संख्या व परतीच्या अपेक्षित वेळेसह नोंदवही ठेवावी आणि सायंकाळी ती तपासावी. गावातील चार-सहा तरुणांना वाटाडे म्हणून प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. त्यातून त्यांना रोजगारही मिळेल. शिडी सैल झाली, दरड आली किंवा मोहोळ बसले, तर पायथ्याशी ठळक फलक लावून संबंधित विभागास कळवावे. दोर, झोळी व विजेऱ्या ग्रामपंचायतीत ठेवाव्यात.

अनुमती व नोंदणी

पालकांची लेखी संमती घेताना केवळ सही घेऊन भागत नाही. दमा, फेफरे, हृदयविकार, एखाद्या औषधाची वा दंशाची अ‍ॅलर्जी यांची माहिती त्याच कागदावर घ्यावी आणि तो कागद कार्यालयात न ठेवता गटप्रमुखाच्या पिशवीत ठेवावा. कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो. अशा ठिकाणी वन विभागाचे नियम पाळावे लागतात. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले असून त्यात असे उपक्रम चालविणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. बाहेरच्या संस्थेकडे मुले सोपविताना तिची नोंदणी, तसेच दोर व प्रस्तरारोहण शिकविणाऱ्यांचे प्रशिक्षण यांची खातरजमा शाळेनेच करावयाची आहे.

वर सांगितलेल्या गोष्टींत महागडे असे काहीच नाही. एक कागद, एक घड्याळ, एक शिट्टी, पाण्याच्या बाटल्या आणि वेळ झाली की मागे फिरणारा एक माणूस, एवढ्यावर अनेक अनर्थ टळू शकतात. ज्या गटाने एखादे वर्ष शिखर न गाठता परतणे पसंत केले, त्या गटातील मुले पुढील वर्षी पुन्हा त्याच वाटेने जाऊ शकतात. डोंगर तेथेच असतो. मुले सुखरूप घरी परतली पाहिजेत. शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांनी येत्या हंगामातील सहलींना अनुमती देताना माघारीची वेळ कोणती ठरविली आहे, हा एक प्रश्न प्रथम विचारावा.