दहावीची सवलत चौथीत मागायची



दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की शाळेच्या व्हरांड्यात काही आईबाप गुरुजींची वाट पाहत उभे दिसतात. कोणी एटापल्लीकडून एसटीने आलेलं असतं, कोणी जिवतीच्या पहाडावरून. बोलणं बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतं, "सर, पोराले तोंडी सगळं येते, लिहाले बसला का काहीच होत नाही." मग हळूहळू कळतं, की मुलाचा हात लहानपणापासून थरथरतो, किंवा नजर अधू आहे, किंवा अक्षरं ओळखीचीच होत नाहीत. अडचण जुनी असते, पण तिचा कागद एकही नसतो आणि फॉर्मची मुदत तोंडावर आलेली असते.

ज्यांचं मूल आज तिसरीत, चौथीत, पाचवीत आहे, त्या आईबाबांशी मला आज बोलायचं आहे. परीक्षेतली सवलत दहावीत मिळते, पण तिची तयारी चौथीत सुरू व्हावी लागते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर हे अधिकच खरं आहे, कारण इथे एकेका कागदासाठी दीड-दोनशे किलोमीटर जावं लागतं आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

आधी हक्काचं बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी हे तर आहेतच, पण स्वमग्नता, लेखन-वाचनाची अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत. या कायद्याचं १७ वं कलम सांगतं, की अशा मुलांसाठी परीक्षेची पद्धत बदलायची. जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्राने १९९६ सालीच सवलती द्यायला सुरुवात केली होती. २०१८ च्या शासन निर्णयाने त्या सर्व २१ प्रकारांपर्यंत पोहोचवल्या.

जादा वेळ म्हणजे तासाला २० मिनिटं. मराठीचा पेपर तीन तासांचा असतो, तिथे एक तास वाढतो. गणित भाग १ चा पेपर दोन तासांचा, तिथे ४० मिनिटं वाढतात. ज्याला दोन शब्द लिहायला इतरांच्या चार शब्दांइतका वेळ लागतो, त्याच्यासाठी शेवटचे दोन प्रश्न सुटणं आणि न सुटणं यातलं अंतर या ४० मिनिटांत असतं.

आता सिकलसेलविषयी थोडं थांबून बोलते, कारण ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. मध्य भारतातल्या लोकांत हा आजार असल्याचं नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवलं होतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, गावोगाव रक्त तपासलं गेलं, अनेक घरांत आता सिकलसेलची कार्डं आहेत. पण ते कार्ड आपण दवाखान्यात जातानाच बाहेर काढतो, शाळेत दाखवत नाही. नुसता वाहक असलेलं मूल आजारी नसतं, त्याला सवलतीची गरजही नसते. ज्या मुलाला प्रत्यक्ष आजार आहे, त्याच्या हातापायांची हाडं दुखतात, अंगात रक्त कमी असल्याने लवकर थकवा येतो, वर्षातले कितीतरी दिवस शाळा बुडते. हा आजार बाहेरून दिसत नाही. म्हणून गुरुजींना ते मूल आळशी वाटतं, आणि मुलालाही हळूहळू स्वतःविषयी तसंच वाटू लागतं.

अशा मुलाच्या आजाराची नोंद शाळेत असू द्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या आणि त्यात मुलाच्या गरजा स्पष्ट लिहून घ्या. जवळ पाण्याची बाटली हवी. लघवीला जाण्याची मुभा हवी, कारण या आजारात लघवी वारंवार होते आणि अंगातलं पाणी कमी होतं. दुखणं उठलं तर गोळी घेता यायला हवी. हे पत्र आयत्या वेळी परीक्षा केंद्रावर नेऊन चालत नाही. मुख्याध्यापकांमार्फत ते आधीच पुढे जायला हवं.

आणि एक गोष्ट फक्त तुमच्याच हातात आहे. दहावीचे पेपर चालू असतात तेव्हाच आपल्याकडे मोहफुलं पडायला लागतात. मूल पहाटे अंधारात आईबरोबर जंगलात जातं आणि अकराला पेपरला बसतं. सिकलसेलमध्ये थंडी, कमी पाणी आणि अंगावरचा ताण या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. मोहफुलाच्या पैशाची किंमत मला माहीत आहे. तरीही तेवढे दिवस त्या मुलाला टोपलीपासून सुटी द्या, पोटभर पाणी पाजा, झोपू द्या. ही सवलत कोणतंही मंडळ देऊ शकत नाही, ती घरच देऊ शकतं.

लिहिण्या-वाचण्याच्या अडचणीचं प्रकरण जास्त अवघड आहे, कारण ते रक्त तपासून कळत नाही. मूल बोलण्यात हुशार असतं, हिशेब तोंडी करतं, पण वाचताना ओळ सोडतं, काना-मात्रा गाळतं, फळ्यावरचं वहीत उतरवताना मागे राहतं. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे ही तपासणी वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच होते, आणि प्रमाणपत्र १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यायचं असतं. आठ वर्षं म्हणजे तिसरी-चौथी, चौदा म्हणजे आठवी-नववी. म्हणजे दहावीच्या फॉर्मपर्यंत दोनदा तपासणी होऊन जायला हवी. आजचा नियम काय आहे ते जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या, पण उशीर करू नका.

इथे आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. भामरागड-एटापल्लीचं मूल घरी माडिया बोलतं. कोरचीकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. शाळेत आल्यावर त्याच्यासमोर मराठी येते. अशा मुलाला पहिल्या दोन-तीन वर्षांत वाचता आलं नाही, तर ती भाषेची अडचण असू शकते, अक्षमता असेलच असं नाही. त्याच्यावर घाईने शिक्का मारू देऊ नका. पण याच्या उलटही घडतं. मुलाला खरोखर वाचनाची अडचण असते आणि सगळे म्हणतात, "जंगलातलं पोर आहे, मराठी येत नाही, येईल पुढे." ते पुढे कधीच येत नाही.

तुम्ही घरी काय पाहायचं ते सांगते. त्याच घरातली, तीच भाषा बोलणारी, त्याच शाळेत जाणारी भावंडं वाचायला शिकली आणि हे एकटंच मागे राहिलं का? आपल्या बोलीतली गोष्ट ऐकून ती क्रमाने सांगताना अडतं का? तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी चूक, असं वर्षानुवर्षं चाललंय का? तसं असेल तर तपासणीला न्या, आणि जाताच डॉक्टरांना सांगा, की घरी आम्ही माडिया बोलतो. हे न सांगता मराठीत चाचणी झाली, तर तिचा निकाल मुलावर अन्याय करू शकतो.

सुरुवात कुठून करायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मूल शाळेत असू द्या आणि जमलं तर तुम्हीही जा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांचं नाव मुख्याध्यापकांना विचारा. मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षकांना आणि प्रकल्प कार्यालयातही सांगून ठेवा. दिव्यांगत्वाचं ऑनलाइन कार्ड काढून घ्या. प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक औषधाचा कागद एका पिशवीत ठेवा आणि झेरॉक्स शाळेत द्या.

आता मनात सलणाऱ्या गोष्टीकडे येते. एका आईने मला हलक्या आवाजात विचारलं होतं, "कागद काढला तर पोरीच्या लग्नाचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. लोक बोलतात, नातेवाईक बोलतात. पण लपवण्याची किंमत काय असते हे आपल्या मातीला नव्याने सांगायला नको. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवनाचं काम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरचेच बाहेर काढत होते. पुढे त्याच आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. ज्या चंद्रपूर जिल्ह्याने हे पाहिलं, तिथल्या मुलीला आपल्या अडचणीची लाज वाटावी असं मला कधीच वाटणार नाही. नुसत्या कागदाने मुलीचं भविष्य सुरक्षित होत नाही, पण पेपर अर्धा सोडून, नापास होऊन घरी बसण्याऐवजी तिला शिकण्याची एक खरी संधी मिळते.

दुसरं बोलणं असतं, "सवलतीने पास झाला." त्यालाही उत्तर आहे. लेखनिक स्वतःच्या मनाचं एक अक्षर लिहू शकत नाही. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असतो. जादा वेळात उत्तरं सुचत नाहीत, येत असलेली उत्तरं लिहून होतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार खटल्यात लेखनिकाचा हक्क ठामपणे मांडला. त्या तरुणाचा हात लिहिताना आखडत असे आणि त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही. म्हणून "टक्के कमी भरले" असं ऐकून निराश होऊन घरी परतू नका. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा.

मात्र सगळ्याच सवलती डोळे मिटून घेऊ नका. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. काही मुलांसाठी ती मोठीच सुटका असते. पण पुढे विज्ञान शाखेकडे, आयटीआयच्या काही ट्रेडकडे किंवा पॉलिटेक्निककडे जायचं असेल, तर गणित सोडल्याने ती वाट अडू शकते. मुलाशी बोला, गणिताच्या शिक्षकांशी बोला. कित्येकदा जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर एवढ्यानेच काम भागतं.

लेखनिकाबाबतही ऐनवेळची घाई नको. परीक्षेचा पहिला दिवस आणि लेखनिकाची पहिली भेट एकदमच, असं झालं तर मूल गोंधळतं. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं हे स्वतंत्र कसब आहे. कुठे पूर्णविराम, कुठे नवा परिच्छेद, आकृतीला नावं कशी द्यायची, हे सगळं बोलून सांगावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं बोलणं तर अनोळखी माणसाला समजतही नाही. म्हणून त्याच शाळेतला, त्याच्या बोलण्याची सवय असलेला नववीचा मुलगा किंवा मुलगी पहिल्या सत्रातच ठरवा. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा, सगळ्या त्याच पद्धतीने होऊ द्या. त्या लेखनिक मुलाच्या आईबाबांनाही भेटा, त्यांची संमती घ्या, ऐनवेळी आजारपण आलं तर दुसरं कोण, हेही ठरवून ठेवा.

सवलतीचा प्रस्ताव शाळेकडून नागपूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. तो गेला का, त्याची पोच आली का, प्रवेशपत्रासोबत मंजुरी मिळाली का, हे तीनदा विचारायला संकोच करू नका. गुरुजींना राग येईल म्हणून गप्प बसू नका. बहुतेक गुरुजींना आनंदच होतो, कारण त्यांनाही पालकांची साथ हवी असते.

या आठवड्यात एकच काम करा. मुलाच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि विचारा, माझं मूल जेवढं जाणतं तेवढं कागदावर येतं का? उत्तर "नाही" आलं, तर पुढची तपासणी कुठे आणि कधी, हे त्याच भेटीत ठरवा. गुण किती मिळवायचे हे मुलाच्या मेहनतीवर सोडा. त्याला येणारं उत्तर पेपरवर उतरावं म्हणून लागणारी सोय मिळवणं हे आपलं काम आहे, आणि त्यासाठी चौथीचं वर्ष अगदी योग्य आहे.